लाल दोऱ्याचे टाके

सिंगापूरच्या बुकित बातोकमधल्या त्या अकराव्या मजल्यावरच्या घराला पूर्व नव्हती. तिथे सकाळ थेट येत नसे; ती आधी समोरच्या ब्लॉककडे जाई आणि मग तिथला उरलासुरला उजेड घेऊन इकडे वळे. सहा वाजून गेले तरी आकाश राखेसारखे असे. सातच्या सुमारास त्या राखेत कुणी थोडे ताक ओतावे तसे ते पांढुरके होऊ लागे, समोरच्या ब्लॉकच्या सर्वांत वरच्या मजल्यावर एक पिवळसर रेघ उमटे आणि ती रेघ एकेक मजला उतरत खाली येई. बांबूच्या काठ्यांवर वाळत घातलेले शर्ट, शाळेचे गणवेश, एखादी फुलाफुलांची चादर क्रमाक्रमाने उजळत जात. जणू कुणी खालच्या आवाजात हजेरी घेत होते आणि आपला नंबर आला की प्रत्येक कपडा ‘हजर’ म्हणत होता. मग समोरच्या फिकट भिंतीवर आपटून परतलेला तो उजेड प्रीतम गजभियेच्या खिडकीच्या लोखंडी जाळीतून आत शिरे. आधी ओट्यावरचे पालथे पातेले. मग फ्रिजची कड. मग जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा कोपरा, त्यावरची बटणांची बरणी, हिरव्या मुठीची कात्री, खळीची वाटी. सात वीसला तो टेबलापलीकडच्या खुर्चीपर्यंत पोचे. त्या खुर्चीवर एक जुनी, मधोमध दबलेली उशी होती. तिच्या खळग्यात उजेड क्षणभर साचून राही, आणि नेमक्या त्या क्षणी प्रीतम मान वर करत नसे.

मान वर करायची नाही, हे त्याने स्वतःशीच ठरवून टाकले होते. वर पाहिले तर खुर्ची रिकामी दिसणार. नाही पाहिले, तर ती रिकामी असायलाच हवी असे काही नव्हते.

त्या रविवारीही त्याने वर पाहिले नाही. त्याच्या पुढ्यात एका हाती बनवलेल्या अल्बमचे मुखपृष्ठ होते. जाड पुठ्ठ्यावर भंडाऱ्याच्या टसरचे मधाच्या रंगाचे कापड चढवलेले. मधोमध फोटोसाठी कापलेली तळहाताएवढी खिडकी. तिच्याभोवती हातकागदाची पिंपळपाने, प्रत्येक नखाएवढे, देठाशी किंचित दुमडलेले. आणि जिथे अल्बम उघडतो त्या पाठीच्या कडेने लाल दोऱ्याचे बारीक तिरपे टाके. हा हर्षाचा नमुना होता. सिंगापुरातल्या पंधरा-वीस मराठी घरांत तरी हे अल्बम होते. कुणाच्या बारशाचे, कुणाच्या आईवडिलांच्या पन्नाशीचे, कुणाच्या पहिल्या घराचे. दुकानात मिळणाऱ्या अल्बमची पाने चांगली असतात, पण हात लावावासा वाटत नाही, असे हर्षा म्हणायची. आतली पाने ज्याची त्याने भरावीत; आपण फक्त दार सजवायचे.

हर्षा जाऊन साडेपाच महिने झाले होते.

त्यानंतर याच टेबलावर चार अल्बम तयार झाले, आणि हा पाचवा. ते आपण केले, असे प्रीतमला वाटत नव्हते. तो फक्त पहाटे सहाला इथे बसे आणि हात टेबलावर ठेवी. कानात कुणी काही सांगत नसे. तसे ऐकू आले असते तर तो दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेला असता. पण खळ किती पातळ हवी, कोपऱ्यावर कापड किती सोडायचे, कुठल्या पानाने कुठल्या पानावर झुकायचे, हे हाताला आधी कळे आणि त्याला मागाहून. त्याने आयुष्यात सुई धरली नव्हती. तेव्हा ज्या हाताला हे सगळे येत होते तो हात त्याचा असणे शक्य नव्हते. पहाटेच्या दीड तासापुरता तो कुणीतरी मागून घेतला होता.

कुणाला हे सांगितले असते, तर एखाद्याने त्याच्या नोकरीची आठवण करून दिली असती. आंग मो किओ भागातल्या कारखान्यात गेली नऊ वर्षे तो सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेल्या सर्किट बोर्डांची दुरुस्ती करत होता. केसापेक्षा बारीक तारा तो श्वास रोखून डाख देऊन जोडत असे, आणि त्याचा चिनी सुपरवायझर नव्या पोरांना त्याचा हात दाखवायला घेऊन येत असे. पण प्रीतमने कुणाला सांगितलेच नव्हते. त्यामुळे ही आठवण करून देणारेही कुणी नव्हते.

बारा मार्चला, सोमवारी सकाळी, घराखालच्या बसस्टॉपवर हर्षाला भोवळ आली. संध्याकाळपर्यंत सगळे संपले. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. वय विचारले आणि एकतीस ऐकून पुन्हा कागदाकडे पाहिले. अस्थी घेऊन तो नागपूरला गेला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आणि अठराव्या दिवशी तो परत येऊन या घराचे कुलूप उघडत होता. टेबल तिने सोडले तसेच होते. ओळखीतल्या नीलिमाताईंच्या सासूसासऱ्यांसाठी करायला घेतलेले मुखपृष्ठ अर्धवट पडले होते. अकरा पाने चिकटवलेली; बारावे उपडे, त्याच्या पाठीवर खळीचा थेंब वाळून काचेसारखा झालेला. त्याने ते पान उचलले. थेंब नखाने खरवडला, नवा लावला, आणि पान जागेवर ठेवले. ते बसले. इतके अचूक बसले की त्याने दचकून समोरच्या खुर्चीकडे पाहिले होते. शेवटचे. त्यानंतर त्याने तिकडे पाहणे सोडले.

वाईट याचे वाटे, की या गोष्टीला द्यायला त्याच्याजवळ नाव नव्हते. इतरांच्या घरात असतात. कावळा असतो, पिंड असतो, भाद्रपदातला एक पंधरवडा असतो. गेलेल्या माणसाने यावे-जावे यासाठी दार किलकिले ठेवलेले असते. प्रीतमच्या आजोबांनी छप्पन्न साली ते दार स्वतःच्या हाताने लावून घेतले होते, आणि त्याचा अभिमान त्याला आईच्या दुधाबरोबर मिळाला होता. शाळेत तो ‘भूत ही कल्पना आहे’ या विषयावर बोलून बक्षीस घेऊन आला होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांची. आणि त्या दोन तसबिरींखाली बसून तो रोज पहाटे जे करत होता ते त्या घराला शोभणारे नव्हते, हे त्याला समजत होते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी धम्मानंद सोनटक्के यांच्याकडे बुद्धवंदनेला सात-आठ कुटुंबे जमत. धम्मानंदकाका संशोधक, साठीला टेकलेले, सगळ्यांचे वडीलधारे. जुलैत त्यांनी प्रीतमला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठले होते.

“झोप लागते का रे?”

“लागते, काका.”

“खोटं बोलू नकोस. आरशात बघ जरा. काही दिसतं-बिसतं का? म्हणजे भास वगैरे. होतात काही जणांना.”

“नाही.”

“झाले तरी भासच ते, लक्षात ठेव. आपण आत्मा मानत नाही. दिवा विझला की ज्योत कुठल्या गावाला गेली असं कुणी विचारतं का?” मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “मला कळतंय रे. तुझी काकू गावाला गेली तरी मला घर खायला उठतं. मन रमव कशात तरी. चित्रं काढ, बागकाम कर.”

“अकराव्या मजल्यावर बागकाम?” प्रीतम म्हणाला.

“कुंडी ठेव एक!” काका हसले, आणि त्याच्या पाठीवर थाप मारून वरण ढवळायला गेले.

पाच अल्बमपैकी चार, हर्षाने आधीच घेतलेल्या कामांचे होते. ते लोक समाचाराला आले होते, त्यांना सारे ठाऊक होते. अल्बम हातात घेताना त्यांनी समजून घेतले की तिने जाण्याआधी करून ठेवले असतील. प्रीतमने तसे सांगितले नव्हते, नाकारलेही नव्हते. पाचवे काम मात्र वेगळे होते.

मे महिन्यात हर्षाच्या मेलवर मधुवंती परांजपेचे पत्र आले. ‘हर्षा, ओळखलंस का? दोन वर्षं पर्थला काढून आम्ही परत आलो. दुसरी मुलगी झाली! अवनीचा अल्बम केला होतास अगदी तसाच हिच्यासाठी हवाय. फरक पडला तर मोठीच्या हातून माझी धडगत नाही.’ प्रीतमला तिला कळवायचेच होते. त्याने तीनदा तसे लिहिले आणि तीनदा खोडले. चौथ्यांदा त्याने फक्त ‘हो, नक्की’ एवढेच लिहून पाठवले. मेलखाली हर्षाचे नाव आपोआप उमटत असे, हे पत्र गेल्यावर त्याच्या ध्यानात आले. अर्ध्या तासात उत्तर आले, आनंदाने भरलेले. मग पुढचे पत्र लिहिताना त्याने ‘करून देते’ असे लिहिले. ते शब्द टाइप करताना त्याच्या अंगावर काटा आला. पण तो भीतीचा नव्हता. कित्येक आठवड्यांत त्या घरात कुणी बाई बोलली नव्हती.

आणि आता अकरा वाजता मधुवंती स्वतः येणार होती. ‘कुरियर-बिरियर नको, तुला भेटायचंच आहे,’ असे तिने कळवले होते. तिला काय सांगायचे, हा प्रश्न होताच. पण त्याहून मोठा प्रश्न प्रीतमला आतून कुरतडत होता. हे शेवटचे काम होते. दोन पाने आणि पाठीचे टाके झाले, की हाताला करण्यासारखे काही उरणार नव्हते. मग उद्या पहाटे सहाला ती कशासाठी येईल?

त्याने ती दोन पाने शक्य तितकी हळू लावली. मग टाके घातले, एकेक करून, दोरा ओढताना कापडाचा होणारा बारीक आवाज ऐकत. शेवटची गाठ मारली तेव्हा आठ वाजले होते आणि खुर्चीवरचा उजेड केव्हाच उतरून फरशीवर गेला होता. दोऱ्याचे टोक त्याने कापले नाही. ते तसेच लोंबत ठेवले. एवढे तरी उरू दे.

दूध आणायला तो खाली गेला, तेव्हा खांबांमधल्या मोकळ्या जागेत नवव्या मजल्यावरच्या लिमआंटी पत्र्याच्या लाल पिंपापुढे बसल्या होत्या. चिन्यांचा सातवा महिना चालू होता. या महिन्यात गेलेली माणसे घरी येतात म्हणून त्यांच्यासाठी कागदाच्या वस्तू जाळतात: कागदाचे सदरे, कागदाची घड्याळे, कागदाचा मोबाइल. आंटींच्या मांडीवर एक कागदी बंगला होता, खिडक्यांना जिलेटिनच्या काचा लावलेला. कोपऱ्यांत खळ जास्त झालीय, प्रीतमच्या मनात आले.

“यू नॉट बर्निंग फॉर वाइफ, आह?” आंटींनी विचारले.

“वी डोंट, आंटी.”

“शी लाइक पेपर, राइट? गुड पेपर. यू गिव्ह हर, लाह.” आणि त्यांनी बंगला पिंपात सोडला.

तो आधी फुगला, मग एका बाजूने आत वळला. राखेचा एक काळा पापुद्रा वर उडाला आणि मजल्यामागून मजला चढत गेला. प्रीतम त्याच्याकडे मान वर करून पाहत राहिला. लिमआंटींचा त्याला हेवा वाटला. गेलेल्या माणसाला काय हवे ते त्यांना ठाऊक होते, आणि ते पोचवायची रीतही.

दहाला नागपूरहून फोन आला. दर रविवारी येई. हर्षाची आई, शांताबाई.

“जयभीम, आई.”

“जयभीम. जेवले का तुम्ही?”

“इथे आत्ता दहाच वाजलेत.”

“मंग चहा घेतला का, ते सांगा. घेतलाच नसन. प्रीतम, एक बोलाचं होतं. राग नका मानू.”

“बोला ना, आई.”

“हर्षाची ते हिरवी कैची हाय ना, तिथंच घेतलेली, डाव्या हाताची? आपल्या धाकट्या एकताले पाठवता का? तिनं शिवणाचा क्लास लावला. पोरगी बी डावरीच, बहिणीवानी. इथली कैची चालतच नाही तिच्या हातात. हर्षाले तर मास्तरीण पट्टीनं मारे, आठवते का, सांगत होती ना तुम्हाले?”

“हो.”

“मंग द्यान पाठवून?”

“मला लागते ती, आई.”

“तुम्हाले कायले लागते?” शांताबाई हळूच म्हणाल्या. “तुम्ही तं उजव्या हाताचे.”

त्याने काहीतरी सांगून फोन ठेवला. कात्री टेबलावर होती, मूठ खुर्चीच्या बाजूला करून, जशी ती ठेवायची तशी. एप्रिलमध्ये त्याने ती एकदा चालवून पाहिली होती. कागद कापलाच गेला नाही; दोन पात्यांच्या मध्ये आडवा होऊन मुकाट दुमडला. त्याच संध्याकाळी त्याने स्टेशनजवळच्या दुकानातून काळ्या मुठीची साधी कात्री आणली. ती तो ड्रॉवरमध्ये ठेवी. काम झाले की पुसून पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकी, आणि टेबलावर राही ती फक्त हिरवी. यात लपवण्यासारखे काही आहे असे त्याने कधी मनात येऊ दिले नव्हते.

घंटा वाजली ती अकराला पाच कमी असताना.

“हर्षा! अगं ए हर्षा!” दार पुरते उघडायच्या आतच मधुवंतीचा आवाज घरभर झाला. हातात पेढ्यांचा डबा, खांद्याला मोठी पिशवी, मागे दोन वेण्या घातलेली साडेसहा वर्षांची अवनी. “नमस्कार, प्रीतम. किती बारीक झालात हो! बाईसाहेब कुठायत? लपलीय ना आत? तिला म्हणावं बाहेर ये, बाळंतीण मी आहे, ती नाही!”

“या ना. बसा,” प्रीतम म्हणाला. “ती... बाहेर गेलीय.”

“रविवारची? आणि मी येणार माहीत असून? वा गं वा!” मधुवंतीने चपला काढल्या. “असू दे, थांबते मी. सारंगला अजून पार्किंग मिळालेलं नाही, तुमच्या ब्लॉकला तिसरी प्रदक्षिणा चाललीय. हार्बरफ्रंटवरून इथं यायला लागला नाही तेवढा वेळ त्याला गाडी लावायला लागतो.” बोलत बोलत तिने टेबलापलीकडच्या खुर्चीला हात घातला.

“तिथे नको!”

ती थबकली.

“म्हणजे... इकडे वारा लागेल. पंख्याखाली.”

मधुवंती अलीकडच्या खुर्चीवर बसली. पण अवनी टेबलाला वळसा घालून गेलीच. तिने हिरव्या कात्रीकडे पाहिले, बटणांच्या बरणीकडे पाहिले, आणि चढून त्या दबलेल्या उशीवर बसली. प्रीतमची नजर वर गेली. पाच महिने चुकवलेली ती खुर्ची त्याने पाहिली. तिच्यात एक मुलगी पाय हलवत बसली होती. दुसरे कुणी नव्हते. दुसऱ्या कुणाला तिने उठवलेही नव्हते.

“अय्या, झाला पण!” मधुवंतीने नवा अल्बम उचलला. टसरवरून बोटे फिरवली. “काय हात आहे हो हिचा! पर्थला मी सगळ्यांना अवनीचा दाखवायचे. थांबा, आणलाय तो.” पिशवीतून तिने जुना अल्बम काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. “बघ, अवनी. तुझा आणि बाळाचा. सेम टु सेम. आता भांडायचं नाही, कळलं?”

अवनी टेबलावर ओणवी झाली. तिने खरोखरच तपासायला घेतले. खिडक्या मोजल्यासारख्या पाहिल्या, पाने मोजली, कापडाला नाक लावून वास घेतला. शेवटी तिने पाठीवर बोट ठेवले.

“नॉट सेम, लाह.”

“अगं, सेमच आहे.”

“नो, ममा. सी. माइन गोज धिस वे.” तिचे बोट जुन्या अल्बमवरून फिरले. “बेबीज गोज दॅट वे.”

प्रीतमने वाकून पाहिले. जुन्या अल्बमवरचे लाल टाके डावीकडे कलले होते, सगळे एका चालीने. नव्यावरचे तितकेच बारीक होते, तितकेच सारख्या अंतराचे. पण ते उजवीकडे कलले होते. दोन अल्बम असे पडले होते जसे कुणी आरशासमोर उभे राहावे.

“हाताचं काम आहे बेटा, थोडा फरक असणारच,” मधुवंती म्हणाली. “हर्षामावशीनं केलंय ना, बास झालं. आणि हो, प्रीतम, तिची सही हवी हं मला. मागच्या वेळी केली होती, ही बघा.”

तिने जुन्या मुखपृष्ठाची आतली बाजू उघडली. खालच्या कोपऱ्यात निळ्या शाईत लिहिले होते: हर्षा गजभिये, ४ नोव्हेंबर २००१. शब्दांवरून तळहाताची कड फिरून शाई फरकटली होती, एक निळसर धूसर पट्टा मागे राहिला होता. डावखुऱ्या माणसाचा हात लिहिलेल्या अक्षरांवरूनच पुढे जातो. ‘माझं कुठलंच पत्र स्वच्छ जात नाही,’ ती म्हणायची. लग्न ठरल्यावर तिने पाठवलेल्या सगळ्या पत्रांवर तो पट्टा होता. या पाच महिन्यांत या टेबलावर झालेल्या कशावरही तो नव्हता.

“ती आली की घेऊन ठेवा सही,” मधुवंती म्हणत होती, “मी पुढच्या आठवड्यात सारंगला—”

“ती येणार नाही.”

“म्हणजे?”

“हर्षा बारा मार्चला गेली.” आपलाच आवाज त्याला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला. “खाली, बसस्टॉपवर. डोक्यात रक्तस्राव झाला.”

मधुवंतीचे हात टेबलावर होते तिथेच राहिले. वर पंखा फिरत होता. खालच्या कुठल्याशा मजल्यावर भांडे पडल्याचा आवाज झाला.

“पण मला मेमध्ये मेल आला तिचा,” ती म्हणाली. “जूनमध्ये आला. ‘बाळाला माझा पापा दे’ असं लिहिलं होतं तिनं. मी दिला.”

“ते मी लिहिलं.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. राग, किळस, दया, असे बरेच काही तिच्या चेहऱ्यावरून एकापाठोपाठ एक गेले आणि कुठलेच थांबले नाही. तिने डोळे पुसले. मग, न राहवून, पुन्हा पुसले.

“का पण?” ती म्हणाली. “सांगायचं होतंत हो. मी धावत आले असते.”

मधुवंतीने नवा अल्बम दोन्ही हातांनी उचलला, आता अगदी अलगद, जणू तो अजून ओला होता.

“मग हे?” तिने विचारले. “हे कुणी केलं?”

हर्षा गेली, हे सांगता आले होते. पत्रे मी लिहिली, हेही. या तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र तो टेबलावरचे कागदाचे तुकडे एका बाजूला सारू लागला.

“अंकल, थ्रेड,” अवनी म्हणाली. तिला त्या दोघांचे बोलणे अर्धेमुर्धेच कळले होते, पण पाठीवर लोंबणारे लाल टोक तिच्या नजरेतून सुटले नव्हते. तिने पुढ्यातली हिरवी कात्री उचलली आणि नीट, मूठ त्याच्याकडे करून, पुढे धरली.

त्याने ती घेतली. उजव्या हातात. दोरा पात्यांमध्ये धरला आणि दाबला. दोरा आडवा झाला, पात्यांच्या मध्ये निसटला आणि जसाच्या तसा बाहेर आला. त्याने पुन्हा दाबला. अवनी पाहत होती. मधुवंती पाहत होती.

प्रीतमने हिरवी कात्री मिटली. टेबलावरचा हातकागदाचा एक तुकडा घेऊन ती त्यात गुंडाळली आणि बाजूला ठेवली. नागपूरला पाठवायची होती. मग त्याने ड्रॉवर उघडला, काळ्या मुठीची कात्री काढली आणि दोरा कापला. एका फटक्यात. तुटलेले टोक फरशीवर पडले.

“पेन आहे का तुमच्याकडे?” त्याने विचारले.

मधुवंतीने पर्समधून पेन काढून दिले. त्याने नव्या मुखपृष्ठाची आतली बाजू उघडली आणि खालच्या कोपऱ्यात सावकाश लिहिले: प्रीतम गजभिये, २६ ऑगस्ट २००७. हात अक्षरांच्या खालून सरकत गेला. शाई कुठेही फरकटली नाही. ती जिथल्या तिथे, स्वच्छ वाळली.

मार्चपासून या टेबलाशी एकच माणूस बसत होता.